वारा कॉमन, मीटर स्वतंत्र

गिरगावातल्या चाळीत गॅलरी कुणाची, हा प्रश्न वर्षातले आठ-नऊ महिने कुणालाच पडत नाही. वापरायची असते तेव्हा ती ज्याच्या-त्याच्या दारापुरती ज्याची-त्याची असते, आणि फरशी उखडली की मालकाची. पण मार्च सरता सरता खोलीतला पंखा नुसती वरची गरम हवा खाली आणायला लागतो, रात्रीची जेवणं उरकून माणसं उशी काखोटीला मारून बाहेर येतात, आणि चार फूट रुंदीच्या त्या पट्ट्यावर सातबाऱ्याला लाजवतील असे हद्दीचे वाद उभे राहतात.

मुळात तिथे जागा असते कुठे? चपलांचं कपाट, पाण्याचं निळं पिंप, रिकामा सिलिंडर, वॉशिंग मशीन, मशीनवर तुळस, तुळशीच्या वर दोरीवर वाळणारा टॉवेल. दोन खोल्यांच्या मधोमध रिपेअर बोर्डाचा लाकडी टेकू. दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरता म्हणून तो लावला होता. आता दसऱ्याला त्यालाही झेंडूची माळ पडते. या सगळ्यातून जी जागा उरेल तिथे माणसाने बसायचं, आणि वर गार वाटून घ्यायचं.

गॅलरी गार करायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी मारणं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आज्या बादली आणि तांब्या घेऊन बाहेर येतात आणि तापलेल्या शहाबादी फरशीवर सपासप पाणी मारतात. दुसऱ्या मजल्यावर मारलेलं पाणी पहिल्या मजल्यावरच्या पापडांना लागतं, तिथून जो संवाद सुरू होतो त्याने दोन्ही मजल्यांचं तापमान वाढतं, पण तो भाग वेगळा. पाणी मारल्यावर पाचेक मिनिटं बरं वाटतं हे खरं आहे. मग फरशीवरची वाफ पायावरून वर चढायला लागते आणि गॅलरीत बसलेल्यांना आपण बसलेलो नसून उकडायला ठेवलेलो आहोत अशी शंका येते. तरी दुसऱ्या दिवशी पाचला बादली हजर. ‘आमच्या सासूबाई मारायच्या’ हे कारण शास्त्रापेक्षा जुनं आहे.

हे शास्त्र मुंबईत का चालत नाही, याचा शोध आमच्या मजल्याला चौदा नंबरच्या जावयांमुळे लागला. जावई नागपूरचे. नागपूरच्या माणसाला मुंबईच्या उन्हाळ्याबद्दल तिळमात्र आदर नसतो. इथला चौतीसचा आकडा ऐकून ते खो खो हसले आणि म्हणाले, “चौतीस? अहो मामाजी, चौतीसमध्ये आमच्याकडे लोकं पंखा बंद करून राह्यले!” आणि सासऱ्यांवर उपकार म्हणून त्यांनी थेट तिकडून एक कूलर पाठवला. पत्र्याचा, कमरेएवढा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावलेला. तो गॅलरीत ठेवायला वॉशिंग मशीन आत न्यावं लागलं, मशीन आत न्यायला पलंग उभा करावा लागला, आणि चौदा नंबरचे आजोबा उभ्या पलंगाकडे बघत बाहेर झोपायला आले. कूलर सुरू झाला. वाळ्याचा असा काही वास सुटला की अख्खा मजला दारात. पहिल्या दिवशी सगळ्यांनी “वा, वा” केलं. दुसऱ्या दिवशी पापड सादळले. तिसऱ्या दिवशी आजोबांच्या जुन्या पंचांगांना बुरशी आली आणि आजींचे गुडघे बोलायला लागले. जावयांना फोन गेला. “काऊन हो? हवा तर बरोबर मारून राह्यला ना?” मारत होता. त्याची काही चूक नव्हती.

चूक होती ती भूगोलाची. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता सोबत घेऊन जातं, एवढंच कूलरचं भांडवल. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर ओल्या ताटीतून येणारी हवा हिशेबाने २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात २७-२८ मिळाली तरी माणूस चादर मागतो. मुंबईत ३४ अंशांना आर्द्रता ६५ टक्के असली, तर तुम्ही अख्खे विहार-तुळशी तलाव ओता, हवा २८ च्या खाली जायला तयार नसते, आणि बाजारातला कूलर तिशीच्या आसपासच दम टाकतो. बरं, ती तीस अंशांची हवा इतकी ओली असते की अंगावरचा घाम जागचा हलत नाही. घाम वाळला तरच माणूस गार होतो; आणि आधीच पाण्याने भरलेल्या हवेला आपला घाम उचलायची काय गरज? थोडक्यात, तुडुंब भरलेल्या विरार लोकलमध्ये दादरला आणखी माणसं चढवण्याचा तो प्रकार. नागपूरला गाडी रिकामी येते.

कूलर अजून गॅलरीतच आहे. त्यात कांदे-बटाटे राहतात. ताट्यांमधून वारा खेळतो, कांदे अजिबात सडत नाहीत, त्यामुळे जावयांचा कूलर फुकट गेला असं म्हणता येत नाही.

आता गंमत बघा. ज्या दमट हवेने आमचे पापड सादळवले, तिच्याच जिवावर हे शहर मोठं झालं. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, दमट हवेत नीट निघतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती चालू झाली. मग परळ, लालबाग, भायखळा, वरळी असं चिमण्यांचं जंगलच उभं राहिलं. त्यामागे बंदर होतं, रेल्वे होती, पैसा होता, आणि फुकटात मिळणारा हा घामही होता. गिरणी मालकांना तोही पुरेना, म्हणून खात्यांमध्ये वरून पाण्याचे तुषार सोडायची सोय केलेली असायची. खिडक्या बंद, यंत्रांची धग, वरून तुषार. त्यातून आठ तास काढून आलेला कामगार लालबागच्या चाळीत परतला की गॅलरीत आडवा व्हायचा. एका खोलीत गावाकडचे पंधरा-वीस गाळेकरी, पाळीपाळीने झोपणारे. त्यामुळे गॅलरी भरली की जिना, जिना भरला की फुटपाथ. गॅलरी गार करण्याचा प्रश्न त्याला पडायचा नाही. खात्यातून बाहेर आलं की गॅलरी आपोआप गार वाटायची. हा उपाय बिनखर्चाचा होता, पण त्यासाठी आधी गिरणी लागते.

१९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. आज लोअर परळला त्या आवारांत उघड्यावर टेबलं मांडलेली खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. पिवळे दिवे, कुंड्यांतले बांबू, आणि खांबाखांबाला फवाऱ्याचे पंखे. तेच आपले लग्नाच्या मांडवात असतात ते, समोर बसलेल्या पाहुण्याचा चष्मा धुरकट करणारे. एप्रिलमधल्या मुंबईच्या हवेत विकत आणलेलं पाणी बारीक करून उडवायचं, याला तिथे वातावरणनिर्मिती म्हणतात. आजोबांना त्या आवारात, त्या तुषारांत उभं राहायचा पगार मिळायचा. नातू त्याच आवारात, त्याच तुषारांत बसायचे पैसे देतो, वर सर्व्हिस चार्ज. धागा मात्र एकही निघत नाही.

पाण्याचं असं झालं. मग उरतो वारा. मुंबईला वारा मिळावा म्हणून एके काळी सरकारने रस्ते काढले होते, हे आजच्या टॅक्सीवाल्याला सांगितलं तर तो मीटर बंद करून हसेल. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि साहेबाच्या डोक्यात आलं की काळबादेवी-गिरगावची ही दाटी पश्चिमेच्या समुद्राकडून नीट चिरली तर खारा वारा आत शिरेल. म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, पश्चिमेकडून पूर्वेकडे, वाऱ्याला सरळ चाल मिळावी असे. आज एकाचं नाव शामलदास गांधी मार्ग, दुसऱ्याचं सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. वाऱ्यासाठी काढलेल्या त्या रस्त्यांवरून वारा सोडून बाकी सगळं जातं: हातगाड्या, टेम्पो, वरात, विसर्जन. वाराही येत असेल बिचारा, पण सिग्नलला अडकतो.

वाऱ्याचं वेळापत्रक मात्र अजून पक्कं आहे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी दोन-दोन गुणांसाठी पाठ केले. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे ते मतलई. उन्हाळ्यात खारा वारा दुपारच्या आधी सुरू झाला तर मुंबई वाचते. पूर्वेचा वारा हटून बसला आणि खाऱ्याला उशीर झाला की पारा चढतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झालेली आहे. आमच्याकडचे जुने लोक तो आकडा सांगत नाहीत, ते नुसतं “बावन्न साली” म्हणतात आणि पदराने किंवा पंच्याने वारा घेतात. खारा थांबल्यावर आणि मतलई सुरू होण्याआधी रात्री जो एक मधला तास येतो, त्यात पान हलत नाही. गॅलरीतली बहुतेक भांडणं त्या तासातली.

दादरकरांनी यातून सोपी वाट काढली. त्यांच्यापाशी १९२५ पासून शिवाजी पार्क आहे, पार्काला कट्टा आहे, कट्ट्याच्या पाठीमागे समुद्र आहे. तिथे बसलेला माणूस दर पाच मिनिटांनी “काय वारा आहे!” म्हणतो आणि समोर गिरगावचा कुणी असेल तर मुद्दाम दोनदा म्हणतो. कट्ट्याला पंखा नाही, कूलर नाही, मीटर नाही. आमच्याकडे चौपाटी आहे, पण चौपाटीवर गेलं की भेळ येते, भेळेबरोबर कुल्फी येते, आणि घरी परतेपर्यंत वारा चांगलाच महाग पडलेला असतो.

तेव्हा गॅलरीत वारा आणायचा तर पंखा लावा. हे साधं वाक्य चाळ कमिटीच्या बैठकीत कुणीतरी एकदा बोललं आणि बैठक साडेबाराला संपली. पंखा लावायला कुणाचा विरोध नव्हता. पंखा हवेला गार करत नाही, माणसाला करतो, अंगावरची ओली हवा सरकवतो, घामाला थोडी जागा करून देतो. मुंबईच्या हवेत एवढं एकच यंत्र इमानदारीने काम करतं, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. प्रश्न निघाला तो मीटरचा. जिन्यातल्या दिव्याचं बेस्टचं मीटर कॉमन, त्याच्यावर पंखा चालवला तर बिल सगळ्यांनी भरायचं, मग तळमजल्यावरच्या गाळेवाल्याने का भरायचं? त्याचं दुकान, त्याला गॅलरीच नाही. बरं, ज्याच्या दारात पंखा त्याच्या मीटरवर असं धरलं, तर वारा शेजाऱ्याला का? शेवटी सात नंबरच्या काकांनी आपल्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर ओढला आणि “लोकहितार्थ” म्हणून एक टेबल फॅन स्टुलावर ठेवला.

फिरत्या मानेचा टेबल फॅन चार कुटुंबांमध्ये ठेवून बघावा, म्हणजे लोकशाही म्हणजे काय ते कळतं. डावीकडून उजवीकडे जाऊन परत यायला त्याला काही सेकंद लागतात. दोन्ही टोकांना तो क्षणभर थबकतो, म्हणजे टोकाच्यांना वारा जास्त, मधल्यांना नुसती झुळूक. मधल्यांनी हे लक्षात आणून दिलं. टोकाचे म्हणाले, आमच्याकडे तो एकदाच येतो, तुमच्यावरून जाता-येता दोनदा जातो. दोघांचंही बरोबर होतं. आठ नंबरच्या वहिनींनी कागद-पेन्सिल आणली. तेवढ्यात कुणाच्या तरी मुलाने मागची कळ दाबली, मान एका जागी थांबली, आणि ती नेमकी सात नंबरच्या काकांकडे तोंड करून थांबली. काका डोळे मिटून म्हणाले, “राहू दे आता, वारंवार दाबली की बिघडते.” मीटर त्यांचं, त्यामुळे चर्चा तिथेच आटपली.

उन्हाला अडवायचे उपायही होऊन गेले. पश्चिमेच्या गॅलरीला बांबूचे चिक लावले, तेव्हा ऊन थांबलं आणि वाराही थांबला. गोणपाट लावून पाहिलं, त्याच्यावर कुणीतरी पाणी मारलंच. मग नर्सरीत असते ती हिरवी जाळी आली. जाळी खरोखर चांगली. सावली पडते, वारा थोडाफार येतो, फक्त आत बसलेली सगळी मंडळी काविळीच्या पुढच्या टप्प्यावर असल्यासारखी दिसतात. पण जाळीला खरा आक्षेप पंचवीस नंबरच्या आजींचा. गॅलरीत बसून समोरच्या जिन्यात कोण चढलं, कुणाच्या हातात कसली पिशवी आहे, हे दिसत नसेल तर नुसतं गार होऊन करायचं काय? आजींच्या दारापुरती जाळी कापली आहे. ऊन तिथूनच येतं.

खरा घोटाळा झाला तो एसीने. दहा वर्षांत एकेका खोलीला एसी लागला. खोली दहा बाय बारा, एसी एक टनाचा, आणि त्याचं आउटडोअर कुठे? गॅलरीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तोंड गॅलरीकडे. हा टन कशाचा म्हणाल, तर बर्फाचा. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढायची ताकद. १८३३ साली बॉस्टनहून कलकत्त्याला गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने आला, पुढे मुंबईतही उतरू लागला, कोटात त्याच्यासाठी बर्फखाना झाला. तो बर्फ निदान स्वतः वितळायचा. एसी मात्र खोलीतली सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता उचलतो, त्यात स्वतःच्या कॉम्प्रेसरची किलोवॉटभर घालतो आणि सगळी मिळून साडेचार किलोवॉट शेजाऱ्याच्या तोंडावर फेकतो. बसलेला माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देतो. म्हणजे एक आउटडोअर चालू झालं की गॅलरीत पंचेचाळीस माणसं आणून उभी केल्यासारखं. आणि ही पंचेचाळीस माणसं बोलत नाहीत, पत्त्यांना चौथा हात होत नाहीत, कुणाच्या लग्नाचं जमवत नाहीत. गॅलरीला त्यांचा कवडीचा उपयोग नाही. ज्याने एसी लावला तो आत दार लावून पांघरूण घेऊन पडतो. ज्याने लावला नाही त्याची गॅलरी तापते, म्हणून पुढच्या वर्षी तोही हप्त्यावर एसी घेतो. आमच्या मजल्यावर आता तीन खोल्यांनाच एसी नाही, आणि त्या तिघांची गॅलरी म्हणजे एप्रिलमधलं भट्टीखातं.

याच शंभर वॉटच्या हिशेबाने एक जुना उपाय मात्र सिद्ध होतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लालबाग-परळच्या चाळींत जाऊन पाहा. मजलेच्या मजले कुलपं. चाकरमानी कोकणात गेलेला असतो. चाळीस माणसं मजल्यावरून हलली की चार किलोवॉट कमी, शिवाय चाळीस माणसांचा स्वयंपाक, इस्त्री आणि टीव्ही कमी. मागे राहिलेला एकटा म्हातारा गॅलरीत अंग पसरतो आणि म्हणतो, यंदा उन्हाळा तेवढा नाही. गॅलरी गार ठेवायचा याहून परिणामकारक उपाय मला तरी माहीत नाही. त्याला फक्त कोकण रेल्वेचं तिकीट लागतं, आणि ते साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइलशी झुंजून मिळवावं लागतं. ज्यांना मिळत नाही ते हल्ली गिरगावच्या भुयारी मेट्रो स्टेशनात उतरतात. कुठे जायचं नसतं. जिन्याने खाली, थोडं उभं राहायचं, नकाशा वाचल्यासारखं करायचं, आणि घाम सुकला की वर.

आमच्या शेजारच्या चाळीने मात्र हा प्रश्न कायमचा निकालात काढला. चाळ पाडली, टॉवर झाला. गॅलरी गेली, कारण आता प्रत्येकाला स्वतंत्र ब्लॉक, स्वतंत्र दार, स्वतंत्र मीटर. लॉबीला खिडकी नाही, पोडियमवरच्या बागेत भर उन्हात फरशी तापते आणि सावलीला नुसता आराखड्यातला वृक्ष. पहिला उन्हाळा सगळ्यांनी एसीत काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात कुणालातरी रिफ्यूज एरियाचा शोध लागला. अग्निशमनाच्या नियमाप्रमाणे २४ मीटरच्या वर आणि पुढे ठरावीक मजल्यांवर, आग लागल्यास रहिवाशांनी जमावं म्हणून उघडी जागा मोकळी सोडावी लागते. भिंत नाही, सामान नाही, आणि त्या उंचीवर चौपाटीचा वारा विनासिग्नल येतो. रात्री साडेनऊनंतर तिथे एकेक प्लास्टिकची खुर्ची उगवू लागली. मग सतरंजी. मग थर्मास. आठवड्याभरात जुन्या चाळीचा दुसरा मजला जसाच्या तसा, खोलीच्या क्रमाने, तिथे बसलेला.

सोसायटीने नोटीस लावली: ही जागा केवळ आणीबाणीच्या प्रसंगी वापरण्यासाठी आहे. मंडळींनी नोटीस वाचली. एक मावशी म्हणाल्या, “अहो, घरात बसवत नाही, याहून मोठी आणीबाणी कोणती?” सेक्रेटरींनी वॉचमनला वर पाठवलं, सगळ्यांना उठवून खाली पाठव म्हणाले. वॉचमन गेला तो गेलाच. अर्ध्या तासाने सेक्रेटरी स्वतः लिफ्टने वर आले. वॉचमन टोपी काढून कठड्याशी बसला होता, हातात कुणीतरी दिलेलं कोकम सरबत. साहेबांना बघून तो उठला, पण पुरता नाही, आणि म्हणाला, “साब, मेरी ड्यूटी इधर ही लगा दो ना.”